श्वासाआधीची तयारी

सातव्या महिन्यात जन्मलेलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आजही सांगितलं जातं. ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक लेखनात आठव्या महिन्याच्या मुलावर स्वतंत्र ग्रंथ आहे आणि त्यातही हेच भय आहे. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात मात्र उलटं दिसतं. २८ आठवड्यांच्या बाळापेक्षा ३२ आठवड्यांचं बाळ बरं, ३२ पेक्षा ३४ चं बरं; पोटात काढलेला एकेक आठवडा तिथे बाळाच्या बाजूने मोजला जातो. आठव्या महिन्यात कुठलाही नवा धोका उद्भवत नाही. उलट त्याच सुमारास बाळाच्या फुप्फुसांत एक असा पदार्थ भरपूर साठू लागतो, की ज्याच्यावाचून बाहेरच्या हवेत तगून राहणं फार कठीण असतं. त्याचं नाव सर्फॅक्टंट.

२८ आठवड्यांच्या बाळाचं हृदय नीट धडधडत असतं, बोटांना नखं आलेली असतात, आवाजाने ते दचकतं. फुप्फुसंही जागेवर असतात, पण त्यांत हवा नसते. फुप्फुसांच्या पेशींनी स्वतःच स्रवलेल्या द्रवाने ती भरलेली असतात आणि त्या द्रवाच्या दाबामुळेच ती ताणली जाऊन वाढतात. दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून बाळाची छाती श्वास घेतल्यासारखी हलते. या हालचाली म्हणजे निव्वळ सराव, कारण ऑक्सिजन येतो वारेतून. मग जन्मताच वारेचा आधार सुटतो आणि पुढच्या काही मिनिटांत हा द्रवाने भरलेला अवयव हवेचा व्हावा लागतो. सस्तन प्राण्याच्या आयुष्यात याहून मोठं स्थित्यंतर दुसरं नाही.

अडचण आहे ती पाण्याची. फुप्फुसातल्या सूक्ष्म वायुकोशांची आतली बाजू ओली असते, कारण ऑक्सिजनला रक्तात शिरायला तो ओलावा लागतो. पण हवेला भिडलेले पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट ओढून धरतात. हाच पृष्ठताण. गोल पोकळीत ही ओढ आतल्या बाजूला काम करते, आणि पोकळी जितकी लहान तितका तिला मिटवू पाहणारा दाब जास्त. श्वास सोडला की वायुकोश आक्रसतो, आक्रसला की ओढीचा दाब वाढतो, वाढला की तो मिटतो. आतून ओली झालेली प्लॅस्टिकची पिशवी उघडताना तिच्या बाजू जशा एकमेकींना चिकटून बसतात, तशा त्या भिंती चिकटतात. पुढच्या श्वासाला त्या पुन्हा सोडवायच्या, त्याच्या पुढच्या श्वासाला पुन्हा. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला मिनिटाला चाळीस-पन्नास वेळा हे करावं लागलं, तर काही तासांत त्याची ताकद संपते.

सर्फॅक्टंट ही ओढ मोडतं. शरीराच्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे ७० मिलिन्यूटन असतो. सर्फॅक्टंटचा थर पसरला की तो पंचविसाच्या आसपास येतो, आणि श्वास सोडताना थर दाबला जाऊन दाट झाला की जवळजवळ शून्यावर उतरतो. म्हणजे वायुकोश सर्वांत लहान असतो, मिटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, नेमकं तेव्हाच या थराचं काम सर्वांत चोख होतं. निसर्गातल्या रसायनांत इतकी नेमकी जुळणी क्वचित सापडते.

या पदार्थात सुमारे ९० टक्के मेद आणि १० टक्के प्रथिनं. मेदांपैकी मुख्य रेणू म्हणजे डायपाल्मिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलीन, लघुनाम डीपीपीसी. त्याच्या दोन्ही शेपट्या सरळ असल्याने त्याचे रेणू एकमेकांलगत अगदी दाट बसतात, म्हणून थर दाबला तरी मोडत नाही. पण एकट्या डीपीपीसीने भागत नाही. सुमारे ४१ अंश सेल्सियसखाली तो इतका घट्ट असतो, की ३७ अंशांच्या शरीरात झटकन पसरूच शकत नाही. त्याला पृष्ठभागावर नेण्याचं, पसरवण्याचं काम एसपी-बी आणि एसपी-सी ही दोन छोटी प्रथिनं करतात. एसपी-बी बनवणारं जनुक जन्मतः निकामी असलेली बाळं पूर्ण दिवसांची असूनही श्वासाच्या त्रासाने दगावतात, हे १९९३मध्ये उघड झालं. एसपी-ए आणि एसपी-डी ही आणखी दोन प्रथिनं जंतूंशी लढण्यात मदत करतात.

हे सगळं बनतं वायुकोशाच्या भिंतीतल्या टाइप-२ पेशींत. सोळाव्या-सतराव्या आठवड्यापर्यंत फुप्फुस म्हणजे नुसत्या फांद्या फुटत गेलेल्या नळ्या असतात. त्यानंतर नळ्यांच्या टोकांशी रक्तवाहिन्या जवळ येतात, भिंती पातळ होतात, आणि २२ ते २४ आठवड्यांच्या सुमारास टाइप-२ पेशींत मेदाच्या एकावर एक चढलेल्या पापुद्र्यांचे कण दिसू लागतात. हाच सर्फॅक्टंटचा साठा. पण साठा असणं वेगळं आणि पुरेसा बाहेर पडणं वेगळं. ३०-३२ आठवड्यांनंतर सर्फॅक्टंट फुप्फुसातल्या द्रवाबरोबर वाहत गर्भजलात दिसू लागतं आणि ३५ आठवड्यांच्या आसपास बहुतेक बाळांत पुरेसं होतं. मुलींची फुप्फुसं मुलांपेक्षा थोडी आधी तयार होतात, कारण पुरुषी संप्रेरकं हे काम मंदावतात. आईचा मधुमेह आटोक्यात नसेल, तर बाळात वाढलेलं इन्शुलिनही तेच करतं.

पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या फुप्फुसांत वजनाच्या दर किलोमागे सुमारे १०० मिलिग्रॅम सर्फॅक्टंट असतं. प्रौढ माणसात ते किलोमागे चारेक मिलिग्रॅमच असतं. अपुऱ्या दिवसांच्या, श्वासाचा त्रास असलेल्या बाळात हा आकडा बहुधा दहाच्या आत असतो. वजनाच्या मानाने प्रौढाला जेवढं पुरतं त्याच्या पंचवीस पट शिदोरी घेऊन बाळ बाहेर येतं, कारण पहिल्या तासांत द्रव अजून पूर्ण शोषला गेलेला नसतो आणि त्या द्रवात बरंच सर्फॅक्टंट पातळ होऊन जातं.

ही शिदोरी भरायची वेळ झाली, हे फुप्फुसाला कोण सांगतं? बाळाच्या स्वतःच्या मूत्रपिंडांवर टोपीगत बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी. गर्भारपणाच्या अखेरीस त्यांतून कॉर्टिसॉल वाढत्या प्रमाणात स्रवतं आणि टाइप-२ पेशींतली मेद बनवणारी यंत्रणा वेग घेते. आईच्या रक्तातही कॉर्टिसॉल असतं, पण वारेतलं एक विकर त्यातलं बहुतेक निष्क्रिय करून टाकतं. त्यामुळे आई कितीही ताणात असली, तरी बाळाचं वेळापत्रक बऱ्याच अंशी बाळाच्याच हाती राहतं.

सस्तन प्राण्यांत हे वेळापत्रक फार वेगवेगळं आहे. उंदराचे दिवस १९-२० त भरतात, सशाचे ३१, मेंढीचे सुमारे १४७. तरी दिवसांच्या हिशेबात क्रम तोच: आधी नळ्या, मग पातळ भिंती, शेवटच्या टप्प्यात सर्फॅक्टंट. या नियमाच्या कडेला उभे आहेत पोटाला पिशवी असलेले प्राणी. टॅमर वॉलबीचं पिल्लू जन्मताना अर्ध्या ग्रॅमचंही नसतं, त्याचं फुप्फुस मोजक्या मोठ्या पोकळ्यांपलीकडे गेलेलं नसतं, पण सर्फॅक्टंट मात्र हजर असतं. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधला ज्युलिया क्रीक डनार्ट याहून पुढे गेला आहे. त्याचं पिल्लू साधारण १२ दिवसांच्या गर्भारपणानंतर जन्मतं, वजन सुमारे १७ मिलिग्रॅम, लांबी चारेक मिलिमीटर. १९९९मध्ये संशोधकांनी दाखवलं, की पहिल्या दिवसांत ते जवळजवळ सगळा ऑक्सिजन त्वचेतून घेतं. इतक्या लहान देहाला ते परवडतं. किलो-दोन किलोच्या माणसाच्या बाळाला तसा मार्ग नाही.

माणसाला हा पदार्थ सापडला तो मात्र बाळांमुळे नाही. स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या कुर्ट फॉन नेरगार्डने १९२९मध्ये डुकराची फुप्फुसं एकदा हवेने आणि एकदा द्रवाने फुगवून पाहिली. हवेने फुगवायला कितीतरी जास्त दाब लागला. त्यावरून त्याने ओळखलं, की फुप्फुसाच्या आक्रसण्यात मोठा वाटा पृष्ठताणाचा आहे. नवजात बाळाच्या पहिल्या श्वासाशी याचा संबंध असावा, असंही त्याने लिहिलं. ते वाक्य पंचवीस वर्षं कोणी वाचलं नाही असंच म्हणावं लागेल.

पुढची पावलं पडली ती विषारी वायूंच्या प्रयोगशाळांत. इंग्लंडमधल्या पोर्टन डाऊन इथे रिचर्ड पॅटल विषारी वायूने सुजलेल्या फुप्फुसांतला फेस तपासत होता. त्या फेसाचे सूक्ष्म बुडबुडे फुटायचं नावच घेत नव्हते. १९५५मध्ये त्याने लिहिलं, की या बुडबुड्यांचा पृष्ठताण जवळजवळ शून्य असला पाहिजे. अमेरिकेत मेरिलँडमधल्या लष्करी रसायन केंद्रात जॉन क्लेमेंट्सने फुप्फुसाच्या अर्काचा थर एका तराजूवर ताणून आणि दाबून मोजला. ताणला की पृष्ठताण ४६, दाबला की १०. साध्या पाण्यावर किंवा साबणावर असं होत नाही. त्याचा लेख एका मोठ्या नियतकालिकाने परत पाठवला आणि १९५७मध्ये तो दुसरीकडे छापून आला. सैनिकांना मारणाऱ्या वायूंवर उपाय शोधणाऱ्या या खोल्यांत बाळांच्या मरणाचं कारण दडलेलं होतं, हे तोवर कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

ते मेरी एलेन एव्हरीच्या ध्यानात आलं. तरुणपणी क्षयाशी झुंजलेली ही डॉक्टर तेव्हा बॉस्टनमध्ये जेरी मीडसोबत श्वसनाचा अभ्यास करत होती. त्या काळी अपुऱ्या दिवसांची बाळं जन्मल्यावर काही तासांतच कण्हू लागत, श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात, ओठ निळे पडत. मृत्यूनंतर पाहिलं, तर फुप्फुसं घट्ट आणि हवेविना, आत रक्तातल्या प्रथिनांचा काचेसारखा गुलाबी पापुद्रा. डॉक्टरांना वाटे, हा पापुद्राच श्वास अडवतो. एव्हरी क्लेमेंट्सकडे जाऊन त्याचा तराजू शिकली आणि मग दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांचे अर्क तिने त्यावर मोजले. या आजाराने गेलेल्या बाळांच्या अर्काचा पृष्ठताण दाबूनही खाली येत नव्हता. दुसऱ्या कारणांनी गेलेल्या, थोड्या मोठ्या बाळांच्या अर्काचा येत होता. १९५९मध्ये एव्हरी आणि मीड यांनी हे छापलं. बाळांच्या फुप्फुसांत काही भलतं घुसलेलं नव्हतं. असायला हवं ते तिथे नव्हतं. वैद्यकशास्त्रात एखाद्या आजाराचं चित्र एका निबंधाने असं फिरवल्याची उदाहरणं थोडी आहेत, आणि त्यांत या निबंधाचा मान फार वरचा आहे.

कारण कळलं, पण उपाय नव्हता. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे २.१ किलो. आजच्या कुठल्याही चांगल्या नवजात कक्षात या वजनाच्या बाळाची विशेष काळजी वाटत नाही. त्याला बॉस्टनला नेलं, जास्त दाबाच्या ऑक्सिजन कक्षात ठेवलं. ३९ तासांनी तो गेला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान घरालाही तेव्हा यापलीकडे काही मिळू शकत नव्हतं.

उपायाचा पहिला धागा न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांच्या गोठ्यात सापडला. ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स, ज्यांना सगळे माँट म्हणत, एक वेगळाच प्रश्न सोडवत होते: कळा नेमक्या कोण सुरू करतं, आई की बाळ? मेंढीच्या गर्भाला कॉर्टिसॉलसारखं संप्रेरक दिलं, की दिवस भरण्याआधीच प्रसूती होते, हे त्यांना दिसलं. म्हणजे मेंढीत बाळच आपली वेळ ठरवतं. या प्रयोगांत ११७-११८ दिवसांचं एक कोकरू जन्मलं. इतक्या लवकर जन्मलेलं कोकरू श्वास घेऊच शकत नाही. हे मात्र श्वास घेत होतं. काही काळाने ते गेलं, तेव्हा त्याच्या फुप्फुसांच्या काही भागांत हवा भरलेली आढळली. लिगिन्स यांनी ती हवा नजरेआड केली नाही. १९६९मध्ये त्यांनी लिहिलं, की संप्रेरकाने फुप्फुसांची तयारी लवकर घडवून आणली असावी.

या कोकराचं महत्त्व एका औषधापुरतं नाही. मेंढीत कळांना निरोप देणारं आणि फुप्फुसाला तयार करणारं संप्रेरक एकच आहे. बाळ निघतं तेव्हा त्याची शिदोरी भरलेली असावी, यासाठी दोन्ही घड्याळं एकाच किल्लीवर चालतात. माणसात कळांचं गणित जास्त गुंतागुंतीचं आहे, पण फुप्फुसाकडून निघणाऱ्या निरोपाचे पुरावे इतर प्राण्यांत मिळत गेले. उंदरांवरच्या २००४च्या संशोधनात दिसलं, की गर्भाच्या फुप्फुसातून गर्भजलात उतरणारं एसपी-ए हे प्रथिन गर्भाशयात दाह निर्माण करून कळा सुरू व्हायला हातभार लावतं. फुप्फुस तयार झालं, आता सोडायला हरकत नाही, असा तो संकेत. अवेळी सुरू झालेल्या कळा हीच जोडणी तोडतात; बाळ निघतं आणि शिदोरी मागे राहते.

लिगिन्स यांनी बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्याबरोबर लगेच मातांवर चाचणी सुरू केली. अवेळी कळा आलेल्या निम्म्या स्त्रियांना बीटामेथासोन हे स्टिरॉइड, निम्म्यांना नाही. हे औषध निवडण्यामागे कारण होतं: वारेतलं ते विकर नैसर्गिक कॉर्टिसॉल मोडतं, पण याला फारसा धक्का लावत नाही, त्यामुळे ते बाळापर्यंत पोचतं. १९७२मध्ये २८२ मातांचा निकाल आला. श्वासाचा हा आजार औषध मिळालेल्यांच्या बाळांत ९ टक्के, न मिळालेल्यांच्या बाळांत २५.८ टक्के. पहिल्या आठवड्यातले मृत्यू ३.२ टक्के विरुद्ध १५ टक्के. त्यानंतर तसेच निष्कर्ष देणाऱ्या चाचण्या होत राहिल्या आणि तरी अनेक देशांतले डॉक्टर हे औषध वापरायला कचरत राहिले. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर स्पष्ट शिफारस झाली ती १९९४मध्ये. मधल्या बावीस वर्षांत जी बाळं हाती असूनही न दिलेल्या सुईअभावी गेली, त्यांचा विचार करताना मन विषण्ण होतं. वैद्यकातला पुरावा एकत्र तोलणाऱ्या कॉक्रेन संस्थेने आपलं बोधचिन्ह याच चाचण्यांच्या आलेखावरून घेतलं, ते उगाच नव्हे.

ज्यांना ही सुई वेळेत मिळत नाही त्यांच्यासाठी दोन वाटा निघाल्या. सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१मध्ये श्वास सोडतानाही वायुकोश उघडे राहावेत म्हणून सतत हलका दाब देण्याची पद्धत २० बाळांवर वापरली, १६ वाचली. आज सीपॅप म्हणून ओळखलं जाणारं यंत्र तेच. कण्हणारं बाळ घसा आवळून जे स्वतः करू पाहतं, ते हे यंत्र त्याच्या वतीने करतं. दुसरी वाट होती सर्फॅक्टंटच बाहेरून देण्याची. नुसत्या डीपीपीसीचे फवारे साठच्या दशकात फसले होते. प्रथिनांसह पदार्थ घ्यायला हवा, हे सशांवरच्या प्रयोगांतून उमगलं आणि १९८०मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसांतून काढलेलं, थोडी भर घातलेलं सर्फॅक्टंट १० अत्यवस्थ बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं. काही तासांत क्ष-किरण चित्रातली पांढरीफटक फुप्फुसं काळी, म्हणजे हवेची, दिसू लागली. १९९०च्या सुमारास अशी औषधं अमेरिकेत बाजारात आली. आजही त्यांतली बहुतेक गाय किंवा डुक्कर यांच्या फुप्फुसांतूनच येतात.

२०२०मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली. त्यांतली सुमारे ३० लाख भारतात. सर्फॅक्टंटची कुपी महाग, सीपॅपला प्रशिक्षित हात आणि अखंड वीज हवी. आईला द्यायचं स्टिरॉइड मात्र स्वस्त. म्हणून २०१४मध्ये भारत सरकारने सूचना काढल्या: २४ ते ३४ आठवड्यांत अवेळी कळा आल्या तर डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅमचे चार डोस, १२ तासांच्या अंतराने, आणि मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधीचा पहिला डोस एएनएम ताईंनी, म्हणजे सहायक परिचारिकांनीही द्यावा.

पण स्वस्त सुई म्हणजे सोपी सुई नव्हे. सहा देशांत झालेल्या एका प्रचंड चाचणीत, जिच्यात नागपूर आणि बेळगाव ही केंद्रं होती, गावपातळीवर स्टिरॉइड पोचवून पाहिलं गेलं. सुमारे एक लाख जन्मांचा हा हिशेब होता. निकालाने सगळे हादरले. कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि एकूण नवजात मृत्यू हजारी २३.९ ऐवजी २७.४ झाले. मातांमधल्या जंतुसंसर्गाची शंकाही वाढली. ज्यांना औषध मिळालं त्यांतल्या पुष्कळ जणींचे दिवस नीट मोजलेले नव्हते, त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळांनाही ते पोचलं. आणि जन्मल्यावर बाळांना ऊब, ऑक्सिजन, जंतुसंसर्गावर उपचार हे सगळीकडे हाताशी नव्हतं, असं स्पष्टीकरण पुढे आलं. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया इथल्या २९ रुग्णालयांत नवी चाचणी घेतली. तिथे सोनोग्राफीने आठवडे पक्के केलेले होते, नवजात कक्ष होते. २०२०चा निकाल: २,८५२ माता, नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर.

औषध दोन्हीकडे स्टिरॉइडच होतं, फरक आजूबाजूच्या व्यवस्थेचा होता. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत औषधाच्या आधी अटी येतात: आठवडे खात्रीने ठाऊक असावेत, आईला जंतुसंसर्ग नसावा, प्रसूतीची आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची काळजी घेण्याची सोय असावी. यातली पहिली अट पाळायची वेळ कळा सुरू होण्याच्या पाच-सहा महिने आधी येते. शेवटच्या पाळीची तारीख पहिल्याच भेटीत विचारून कार्डावर लिहिणं आणि पहिल्या तिमाहीत सोनोग्राफी होणं, या दोन गोष्टी झालेल्या असल्या, तरच रात्री दोन वाजता कळा घेऊन आलेल्या बाईच्या पोटातलं बाळ ३० आठवड्यांचं आहे की ३६, हे ठरवता येतं.